रस्त्याची डावी बाजू

सोमवार, ३ मार्च

लेकीने दिलेली ही वही दोन वर्षं कपाटात पडून होती. आज काढली, कारण डोक्यात जे चाललंय ते कुणापुढे बोलले तर भांडणच होईल.

गाड्यांच्या खोलीत सकाळी नोटीस लागली. रुग्णालयाच्या सगळ्या चालकांनी ३१ मार्चच्या आत प्रगत वाहनचालनाची परीक्षा द्यायची. जो नापास होईल किंवा देणारच नाही, त्याची गाडी काढून घेणार आणि त्याला तळघरात धुलाईच्या चादरी मोजायला बसवणार. तेवीस वर्षं मी गाडी चालवतेय. तेवीस वर्षांत एकदाही कुणाच्या अंगाला ओरखडा गेलेला नाही. आता म्हणे मला शिकवणार.

माझी गाडी डायलिसिसची. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी तीन माणसांना घरून घ्यायचं, केंद्रावर सोडायचं, तिथे चार तास यंत्रातून त्यांचं रक्त धुऊन झालं की दुपारी परत घरी. घड्याळवाले काका, शिवणबाई आणि आमची कॉलेजवाली. हे तिघं म्हणजे माझं दुसरं घरच. ह्यांना सोडून मी चादरी मोजू?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे खुर्चीचा पाय तासत बसले होते. म्हणाले, "देऊन टाक की परीक्षा. तुला काय अवघड आहे?" सुतारकाम करणाऱ्या माणसाला सगळंच सोपं वाटतं. लाकूड उलटून बोलत नाही ना.

बुधवार, ५ मार्च

शिकवणारा आला. पन्नाशीचा, काटकुळा, खिशात तपकिरी कव्हरचं एक पुस्तक. मी त्याचं नाव पुस्तकराव ठेवलंय. मनातल्या मनात. अजून तरी.

दुपारी रिकामी गाडी घेऊन दोघं निघालो. बसल्याबरोबर सुरू. हात घड्याळातल्या पावणेतीनसारखे. वळताना एका हाताने चाक ओढायचं, दुसऱ्याने ढकलायचं, हातावरून हात जाता कामा नये. ब्रेक आणि गिअर एका वेळी नाही, आधी ब्रेक संपवायचा, मग गिअर. थांबताना पुढच्या गाडीचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत, इतकं अंतर.

मी म्हटलं, "आणि समोर कुणी आडवं आलं तर आधी पुस्तक उघडू का?"

"नाही. आधी थांबायचं. पुस्तक नंतर," तो म्हणाला. हसला नाही. मला वाटतं त्याला हसता येत नसावं.

माझं म्हणणं एकच. गाडी चालवणं म्हणजे स्वयंपाकासारखं आहे. हात बसला की मोजमाप लागत नाही. प्रसंग बघून करायचं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आधी मोजून करा. मग हात बसतो." जणू माझा हात बसलेलाच नाही!

शुक्रवार, ७ मार्च

नवीन थेर. ह्याला म्हणतात बोलतं ड्रायव्हिंग. गाडी चालवता चालवता जे जे दिसतंय ते मोठ्याने बोलायचं, म्हणजे चालकाचं लक्ष कुठे आहे ते कळतं. त्यालाही क्रम आहे. लांबचं, जवळचं, उजवं, डावं, मागचं. पुन्हा लांबचं. परीक्षेत हेच बघणार, म्हणून रोज सराव करायचा, माणसं गाडीत असली तरी.

मी सुरू केलं. "लांब सिग्नल हिरवा. जवळ एक रिक्षा, थांबेल असं वाटतंय. उजवीकडे शाळेची बस. मागे पांढरी गाडी, फार चिकटून आलीये शहाणी."

शिवणबाई मागून म्हणाल्या, "ही कुणाशी बोलतेय? फोन लावलाय का कानाला?" सत्तरीच्या आहेत, आयुष्यभर बायकांचे कपडे शिवले, जीभ अजून कात्रीसारखी चालते. कॉलेजवाली हसून हसून वाकली. तिला आवडलं. म्हणाली, "मावशी, रेडिओपेक्षा छान आहे, चालू ठेवा." काका नेहमी डावीकडच्या खिडकीपाशी बसतात आणि बाहेर बघतात. चाळीस वर्षं घड्याळाचं दुकान चालवलं, आता पुतण्या बघतो.

शेजारी पुस्तकराव. "क्रम पाळा," म्हणाला.

"मला जे दिसतं ते मी बोलतेय ना?"

"जे दिसतं ते नाही. क्रमाने सगळीकडे बघून, मग बोलायचं."

आता ह्यात फरक काय, सांगावं कुणीतरी.

रविवार, ९ मार्च

सुट्टी. लेकीचा फोन आला, परीक्षेचं सांगितलं तर तिलाही हसू. "आई, तू आणि नियम?"

चहा ओतताना अर्धा ओट्यावर सांडला. हे नवीन कप फार लहान तोंडाचे आहेत, मागचेच बरे होते. जेवणाच्या टेबलाचा कोपरा पण सारखा मांडीला लागतो. ह्यांना म्हटलं, "अहो, टेबल हलवलंत का?" म्हणे नाही. मग मी काय स्वप्नात आपटते? मांडीवर हा एवढा काळानिळा डाग आहे.

बुधवार, १२ मार्च

गाडीच्या डाव्या दारावर ओरखडा निघाला. वीतभर. गाड्यांच्या खोलीत मी चांगलाच आरडाओरडा केला. परवा रुग्णवाहिका माझ्या शेजारी लावली होती, तिचंच काम. तो चालक शपथेवर नाही म्हणतोय. चूक मान्य करायला माणसाचं काय जातं, देव जाणे.

घरी आले तर ह्यांनी टेबलाचा डावा कोपरा रंधा मारून चक्क गोल केलेला. एवढं छान टेबल! विचारलं तर म्हणाले, "सहज. बरं दिसतं." एक कोपरा गोल आणि तीन टोकदार, ह्यात बरं काय दिसतं? ह्या माणसाचं वय झालं आता.

शुक्रवार, १४ मार्च

आज खटका उडालाच.

पुस्तकरावाने कागद दाखवला. वीस मिनिटांच्या माझ्या बोलण्यात क्रम किती वेळा मोडला ते त्याने लिहिलेलं. बेचाळीस वेळा. मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "हे बघा, रस्ता काही पुस्तक वाचून येत नाही. रोज वेगळा असतो. तुम्ही एका ठरलेल्या साच्यात सगळ्यांना बसवताय. चांगला चालक तो, जो वेळ बघून वागतो."

तो म्हणाला, "बरोबर आहे."

मला वाटलं, आता वाद घालेल. बरोबर आहे म्हटल्यावर काय बोलायचं?

मग म्हणाला, "पण ताई, आपल्याला जे बघायचा कंटाळा असतो, तेच आपण सोडतो. आणि सोडलंय हे आपल्याला कळत नाही. क्रम त्यासाठी. तो कंटाळ्याला विचारत नाही."

"मला कशाचाही कंटाळा नाही."

"मग क्रम पाळा."

असं बोलणं ऐकून माझं डोकं तापतं. रात्रीची भाकरी मी रागातच थापली, ह्यांनी मुकाट खाल्ली.

सोमवार, १७ मार्च

काका असं करतील असं वाटलं नव्हतं.

सकाळी केंद्रावर उतरताना त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. बारीक, सुबक अक्षर. म्हणाले, "गेल्या शुक्रवारपासून लिहितोय. कामधंदा नाही, म्हणून." चिठ्ठीत दोन रकाने. उजवीकडच्या गोष्टी, माझ्या तोंडून आलेल्या: एकाहत्तर. डावीकडच्या: चार.

"ताई," म्हणाले, "तुमच्या रस्त्याला डावी बाजूच नाही."

मी म्हटलं, "डावीकडे काय असतं? दुकानं, झाडं, उभ्या गाड्या. ते काय सांगायचं? पाठ आहे मला. आता डोळे मिटून सांगू? बेकरी, मग कालव्याचा पूल, मग तुमचं दुकान, बाहेर ते मोठं घड्याळ."

"हो. मी रोज वाट बघतो, आज म्हणाल." मग म्हणाले, "ते घड्याळ गेला आठवडाभर बंद आहे. पुतण्याने काटेच काढून ठेवलेत. नुसती पांढरी तबकडी आहे. तुम्हाला दिसलं का?"

दिसलं नव्हतं. पण म्हणून काय? मी गाडी चालवू की घड्याळं बघू? मी काहीतरी तोडून बोलले. काय ते इथे लिहीत नाही. दुपारी परतताना ते मागे डोळे मिटून बसले होते, यंत्रावरून उतरलेले, थकलेले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चीड आली.

बुधवार, १९ मार्च

आज फार वाईट होता होता राहिलं.

बेकरीच्या कोपऱ्यावर डावीकडे वळत होते. आरशात बघितलं होतं. नक्की बघितलं होतं. बोलतही होते, "लांब मोकळं, उजवीकडे ट्रक उभा". आणि धाडकन डाव्या पत्र्यावर कुणीतरी हात मारला. मी ब्रेकवर उभी राहिले. सायकलवरची टपालवाली. सायकल आडवी टाकून ती फुटपाथवर उडी मारून उभी, पिशवीतली पत्रं रस्त्यावर पसरलेली. गाडीचं मागचं चाक सायकलीपासून एका हातावर.

तिला काही झालं नाही. काही झालं नाही. दोनदा लिहिलं म्हणजे मलाच पटेल.

ती काचेपाशी येऊन ओरडली, "बाई, आंधळी आहेस का? किती वेळ शेजारून चालवतेय मी!"

ती कुठून आली? आभाळातून पडली का? मी उतरून तिची पत्रं गोळा केली. कॉलेजवालीही उतरली. काकांनी चिठ्ठी काढली नाही. त्यांनी काही बोलायला हवं होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं.

गुरुवार, २० मार्च

आज गाडी नसते. दुपारी स्वयंपाकघरात बसले होते. का केलं माहीत नाही. उजवा डोळा तळहाताने झाकला.

भिंतीवरचं कॅलेंडर गेलं. म्हणजे भिंत होती, पण दुधाच्या रिकाम्या पिशवीतून बघावी तशी. तारखा नाहीत, चित्र नाही, खिडकी म्हणजे नुसता उजेडाचा ठिपका. हात काढला, सगळं परत. पुन्हा झाकला, पुन्हा गेलं. सात-आठ वेळा केलं. मग डावा झाकला. सगळं लख्ख.

हे मला माहीतच नव्हतं. कसं माहीत नव्हतं?

तासभर इथेच बसले आणि मनाने काय काय चाळे केले ते लिहून ठेवते, कारण नंतर मी नाकबूल करेन. कुणाला कळलेलं नाही. नोकरीतली डोळ्यांची तपासणी अजून एका वर्षाने आहे. परीक्षा अकरा दिवसांवर. मान जरा जास्त वळवायची, क्रम घोकून घ्यायचा, डावीकडचं सगळं पाठ आहेच, ते बोलून दाखवायचं. परीक्षा झाली की मग डॉक्टरकडे जाऊ. आत्ताच सांगितलं तर गाडी उद्याच जाणार आणि मग तळघर, मग चादरी. थोडं सांभाळून घ्यायला काय हरकत आहे? प्रसंग बघून वागावं, हेच तर मी म्हणत आले.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि माझीच मला लाज वाटली. टपालवालीचं घर असेल. तिची कुणीतरी संध्याकाळी वाट बघत असेल.

हे आले तेव्हा माझा हात डोळ्यावरच होता. "काय गेलं डोळ्यात?" मी म्हटलं, कचरा. मग रडू फुटलं आणि सगळं सांगितलं. हे शेजारी बसले. म्हणाले, "मला वाटायचं, तुझी धांदल होते हल्ली. सारखी डावीकडे आपटतेस."

"म्हणून कोपरा गोल केलात?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"भडकली असतीस."

भडकले असतेच. पण बोलायला हवं होतं त्यांनी. आणि मी ऐकायला हवं होतं.

शुक्रवार, २१ मार्च

पहाटे उठून तासभर आधी गेले. पुस्तकराव गाड्यांच्या खोलीत एकटाच पुस्तक घेऊन बसलेला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टपालवालीचंही. ओरखड्याचंही, तो बहुतेक माझाच होता.

त्याने हात पुढे केला. "किल्ली द्या."

बस, एवढंच. बसा नाही, पाणी घ्या नाही. तेवीस वर्षांची किल्ली मी त्याच्या हातावर ठेवली. मी म्हटलं, "फक्त आजचा दिवस? माणसं तयार होऊन दारात उभी असतील. हळू नेते."

"नाही."

"जरा तरी—"

"ह्यात जरा नसतं, ताई."

आणि वर काय म्हणतो? "आता गाडीभोवती फेरी मारा. टायर, दिवे, तेल, पाणी, सगळं तपासा आणि मोठ्याने सांगा." मी म्हटलं, कशाला, मी तर चालवणार नाहीये. म्हणे, मारा. माणूस आहे की दगड! मी डोळे पुसत पुसत टायर दाबून बघितले, दिवे लावले, तेलाची पट्टी काढून पुसली. तो मागे मागे कागदावर खुणा करत फिरला. खाली सही करायला लावली. काय आहे ते मी वाचलंही नाही. मग स्वतः माझ्या जागेवर बसला, बसायची जागा त्याच्या पायांना मागे सरकवली आणि माझी माणसं आणायला निघून गेला.

मी फाटकापाशी उभी राहून बघत होते. डावा दिवा लावला त्याने. हात पावणेतीनवर.

मंगळवार, २५ मार्च

ह्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. चार दिवस मी काय काय कल्पना केल्या ते सांगण्यात अर्थ नाही. नस गेली, गाठ झाली, दुसराही जाणार, आंधळी होऊन ह्यांच्या गळ्यात पडणार.

डॉक्टर माझ्या लेकीपेक्षा लहान. यंत्रात बघितलं आणि म्हणाली, "मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. कधीपासून दिसत नव्हतं?"

"मला दिसत होतं ना," मी म्हटलं.

ती हसली. म्हणाली, असं बऱ्याच जणांचं होतं. हळूहळू येतो, दुसरा डोळा सांभाळून घेतो. उजव्या डोळ्याच्या आड नाक येतं, म्हणून अगदी डावीकडचं निसटतं, आणि तिकडे काही नीट दिसत नाही म्हणून माणूस तिकडे बघणंच सोडून देतो. अंतराचा अंदाजही चुकतो. कपात चहा ओतताना सांडतो का, असं तिने विचारलं. हे माझ्याकडे न बघता छताकडे बघायला लागले.

"मग आता?"

"आता काढायचा. पुढच्या बुधवारी. महिनाभराने तपासून सगळं ठीक असेल तर गाडी चालवा."

मी तिला तीनदा विचारलं, गाडी चालवा म्हणालात ना? तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आजी, हो." आजी म्हणाली तरी मला राग आला नाही. बाहेर आले आणि जिन्यावर बसून हसत सुटले. हे घाबरले बिचारे. चार दिवस छातीवर जो धोंडा होता तो उतरला. फक्त मोतीबिंदू! मोतीबिंदूला असं 'फक्त' कुणी म्हणत असेल का?

पण ३१ तारीख आहेच. तोपर्यंत काही मी परीक्षा देत नाही. म्हणजे चादरी. असो. डोळा आहे, तेवढं पुष्कळ.

बुधवार, २६ मार्च

दुपारी शिवणबाईंचा फोन. आवाज बारीक, पण राग शाबूत. "तुझ्या त्या माणसाला सांग, आम्ही बटाट्याची पोती नाही."

सकाळी ठीक असतं म्हणे. दुपारी पुस्तकराव पुस्तकाप्रमाणे चालवतो. रस्ता मोकळा आणि सुरक्षित असेल तर मर्यादेपर्यंत वेग न्यायचा, उगाच रेंगाळायचं नाही. पण यंत्रावरून उतरलेल्या माणसाचा रक्तदाब पडलेला असतो. गाडी झपकन निघाली की डोळ्यापुढे अंधारी येते. कॉलेजवालीला उलटी झाली. काकांनी पुढची सीट घट्ट धरून डोळे मिटून घेतले.

मी त्याला फोन लावला. मनात आलं होतं, चांगलं सुनवावं. पण त्याचा आवाजच पडलेला. "पुस्तकात हे नाही," म्हणाला.

"पुस्तक लिहिणाऱ्याने डायलिसिसची माणसं नेली नसतील. ऐका. मांडीवर काठोकाठ भरलेलं पातेलं आहे असं समजा. केंद्राच्या दारातला गतिरोधक तिरका घ्यायचा नाही, दोन्ही चाकं बरोबर. शिवणबाईंना बसल्यावर एक मिनिट द्यायचं, मग निघायचं. साठच्या रस्त्यावर चाळीस. मागचा भोंगा वाजवतो, वाजवू दे. काकांची खिडकी चार बोटं उघडी, त्यांना बोलायला त्रास होतो, ते मागणार नाहीत."

तिकडून पानं चाळल्याचा आवाज आला.

"जरा सावकाश सांगा," म्हणाला. "लिहून घेतोय."

सोमवार, ३१ मार्च

शेवटची तारीख. मनाची तयारी करून गेले. म्हटलं, आपणच विचारू तळघरात कधीपासून यायचं ते.

भिंतीवर यादी. माझ्या नावापुढे ना पास, ना नापास. लिहिलं होतं, "पहिला भाग २१ मार्च रोजी उत्तीर्ण. उर्वरित भाग तीन महिन्यांच्या आत."

मी ती ओळ दोनदा वाचली. मग पुस्तकरावाला शोधून काढलं. तो चाकं पुसत होता. म्हणाला, "परीक्षेचे दोन भाग असतात. गाडीची तपासणी आणि रस्ता. तारखेच्या आत एक भाग झाला की दुसऱ्याला मुदत मिळते. नियमात आहे."

म्हणजे त्या दिवशी मी रडत रडत टायर दाबत होते ती माझी परीक्षा होती.

"सांगायचं नाही का मला?"

"तुम्ही मला दगड म्हणत होतात. पुटपुटत होतात, पण ऐकू आलं."

"आणि किल्ली? तेव्हाच जरा नरम बोलला असतात तर—"

"किल्लीचं नरम नसतं," म्हणाला आणि चाक पुसू लागला. कान लाल झाले होते त्याचे.

माझ्या जागेवर दुसऱ्या कुणाला नेमू नये म्हणून तो रोज स्वतःच गाडी चालवतोय, हे मला शिवणबाईंकडून कळलं. त्याने सांगितलं नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

पट्टी काढली.

अहाहा! लिहू काय काय? स्वयंपाकघराची भिंत पांढरी आहे, मी पिवळट समजत होते. निळा रंग केवढा निळा असतो! कॅलेंडरवरच्या तारखा नुसत्या डाव्या डोळ्याने वाचल्या, एक ते तीस, मोठ्याने. ह्यांचे केस एवढे पिकले कधी? आणि घर किती घाण आहे! पंख्यावर, खिडकीच्या गजांवर, टेबलाखाली. इतके दिवस मी ह्यात राहत होते आणि पाहुण्यांना बोलावत होते?

कपात चहा ओतला. थेंबही सांडला नाही. कपांची तोंडं चांगली मोठी आहेत.

हे म्हणाले, "आता टेबलाचे बाकीचे तीन कोपरे पण गोल करतो, म्हणजे सारखं दिसेल." मी म्हटलं, नको. राहू दे तो एकच.

शुक्रवार, ११ एप्रिल

संध्याकाळी काकांच्या घरी जाऊन आले. माफी मागायला. त्यांनी चहा स्वतः केला, दोन्ही हातांनी कप पुढे केला. मी काय काय पाठ करून गेले होते, एकही शब्द आठवला नाही. म्हटलं, "काका, चुकलंच माझं."

ते म्हणाले, "घड्याळ मागे पडतं तेव्हा घड्याळाला कळत नाही, ताई. बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. मी आयुष्यभर तेच काम केलं." मग म्हणाले, "लवकर या. तो माणूस चांगला आहे, पण फार गप्प."

सोमवार, ५ मे

पास!

आधी दुपारचं लिहिते. शेजारी पुस्तकराव, हातात गुणांचा कागद, मागे तिघं. मोकळा, सरळ रस्ता, मर्यादा साठ. पुस्तकाप्रमाणे वेग नेला नाही तर गुण जातात. आरशात बघितलं तर शिवणबाईंचा चेहरा पांढराफटक. मी मोठ्याने म्हटलं, "लांब मोकळं. जवळ काही नाही. उजवीकडे दुभाजक. डावीकडे दोन सायकली, अंतर ठेवतेय. मागे लॉरी, भोंगा वाजवतेय, वाजवू दे. मर्यादा साठ, मी चाळीसवर, कारण गाडीत तीन माणसं आहेत." म्हटलं, जातील तर जाऊ देत गुण. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. नंतर दाखवलं. पूर्ण गुण. आणि ते तपकिरी पुस्तक उघडून दाखवलं. वेगाच्या पानावर, समासात, पेन्सिलने बारीक अक्षरात: भरलेलं पातेलं. एक मिनिट. चार बोटं खिडकी. सगळं, मी फोनवर सांगितलं तसं.

"पुस्तकात लिहायचं नसतं ना?" मी म्हटलं.

"मोजून केलं की मग हात बसतो," म्हणाला. आणि हसला! दात आहेत त्याला, आणि चांगले आहेत.

पण मला खरं लिहायचंय ते सकाळचं. डॉक्टरांनी परवा तपासून हो म्हटलं आणि आज पंचेचाळीस दिवसांनी गाडीवर बसले, जागा माझ्या पायांना पुढे सरकवली, हात पावणेतीनवर. तिघांना घेतलं. बेकरीच्या कोपऱ्यावर मी थांबले, डावीकडे पूर्ण वळून बघितलं, आणि कोण असावं? टपालवाली, सायकलवर. "डावीकडे सायकल," मी म्हटलं, "तिला आधी जाऊ देतेय." तिने मला ओळखलं की नाही कोण जाणे. हात केला आणि गेली.

मग कालव्याचा पूल. क्रम सोडला नाही. "लांब सिग्नल लाल. जवळ हातगाडी. उजवीकडे शाळेचं फाटक, बंद. डावीकडे..." आणि ते आलं. हिरवी पाटी, काचेमागे ओळीने घड्याळं, आणि बाहेर लोखंडी दांड्यावर ते मोठं, पांढरी तबकडी, काळे काटे, ऊन पडलेलं. किती देखणं आहे! तेवीस वर्षांत मी ते कधी असं बघितलं होतं, आठवत नाही.

"डावीकडे घड्याळाचं दुकान," मी म्हटलं. "घड्याळ चालू आहे. सात एकोणचाळीस."

मागून काकांचा आवाज आला, हलका, पण अगदी स्पष्ट.

"दोन मिनिटं मागे आहे. पुतण्याला सांगतो."